नऊ मिनिटांतले चाळीस सेकंद

वडीगोद्री
१४ सप्टेंबर

अंगद,

तीन दिवस झाले तुला फोन लावून राह्यले. वाजतो, पण तू उचलत न्हाईस. मेसेज वाचतोस, उत्तर देत न्हाईस. म्हणून ही चिठ्ठी पोस्टानं धाडते, पोच मागून. निदान सही करायला तरी हात उचलशील.

'अंगद बोलतो' या तुझ्या चॅनलवरचा पोटफुगीचा व्हिडिओ बघितला. माझ्या दुकानात पीकविम्याचा फॉर्म भरायला आलेल्या एका माणसानं दाखवला. "बघा मॅडम, जनावराचा जालीम उपाय," म्हणला. आवाज सुरू झाला आणि मला फॉर्ममधलं पुढचं नाव सुचेना. आवाज आपल्या मायचा. चित्र मात्र भलत्याच म्हातारीचं. कॉम्प्युटरनं काढलेली ती, हिरवं लुगडं, एवढी मोठी नथ, गालावर सुरकुत्यासुद्धा मोजून घातलेल्या. तिच्या मांडीत एक जनावर. शेळी का मेंढी, ते काढणाऱ्यालाच मालूम. त्याचं मुंडकं आभाळाकडं आणि तोंडात तेलाची बाटली उभी. खाली मोठ्या अक्षरात, 'पोटफुगीवर धनगरी गुपित. डॉक्टर कधीच सांगणार नाहीत.'

घरी येऊन मायला दाखवला. ती म्हणली, "ही कोन बाई हाय?"

मी म्हणलं, "तूच आहेस."

"म्या? म्या नथ कवा घातली?" आणि मंग, "गुपित कशाचं गं? म्या तर समद्यांला सांगितलं."

इथपर्यंत हसण्यावारी गेलं असतं. पण पुढं तिनं कान लावून ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. "माझं राह्यलेलं बोलणं कुठं गेलं?" म्हणली.

तेच मी तुला विचारते. तिचं राह्यलेलं बोलणं कुठं गेलं? मूळ रेकॉर्डिंग नऊ मिनिटांचं आहे. तुझ्या व्हिडिओत त्यातले चाळीस सेकंद आहेत. 'मेंढरू फुगलं की गोडं तेल पाजा, घडीभरात उतरतं' एवढं ठेवलंस आणि त्याच्या पुढचं कापलंस. पुढचं काय होतं ते मी लिहून देते, कारण तू ते एकदा तरी पुरं ऐकलंस का, मला शंका आहे.

"पण मुंडकं वर धरू न्हका. पाठीच्या रेषेत ठिवा. घोट घोट द्या. गिळलं का बघा, मंग दुसरा घोट. ठसकलं की हात सोडा, मुंडकं खाली करू द्या. तेल पोटात जायला पायजे, छातीत न्हाई. छातीत गेलं तर फुगीनं मरायचं ते तुमच्या हातानं मरंल."

हे तू कापलंस. वर चित्रात मुंडकं उभं करून दाखवलंस. म्हणजे मायच्या तोंडून अर्धं सांगितलंस आणि चित्रातून नेमकं उलटं.

तुला आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपाचा कायदा मालूम न्हाई. 'रानातली खबर' मध्ये आता तीनशे चाळीस मेंढपाळ आहेत, परतूरपासून सिंदखेडपर्यंत. निम्म्यांना लिहिता येत न्हाई, म्हणून सगळे बोलूनच टाकतात. कुठं चारा आहे, कुठं कोणता रोग आलाय, कुठल्या गावात रानात उतरू देत न्हाईत. कुणी उपाय सांगितला, तर दुसऱ्या दोघांनी 'मी करून पाह्यलं' म्हणल्याशिवाय तो कुणी पक्का धरत न्हाई. आणि ज्याला गुण आला न्हाई त्यानंही सांगायचं, लाजायचं न्हाई. असं चार वर्षं चाललंय. त्यातलं एक रेकॉर्डिंग तुझ्याकडं कसं गेलं, ते आता राहू दे.

व्हिडिओ काढ. नायतर नऊ मिनिटं पुरी टाक. ही चिठ्ठी मिळंल त्या रात्रीपातुर टाकलंस तरी खूप झालं. पावसानं यंदा वैरण ओली आहे, घरोघर जनावरं फुगून राह्यलीत. लोक बघून करणार.

शालूअक्का

*

वडीगोद्री
२५ सप्टेंबर

अंगद,

पोच आली. सही तुझीच आहे. म्हणजे चिठ्ठी तुझ्या हातात पडली होती आणि तरी व्हिडिओ एकोणीस तारखेपातुर तसाच राह्यला.

तू पाठवलेला एकुलता एक मेसेज मी जपून ठेवलाय. 'अक्का, लोक चाळीस सेकंदांच्या पुढं थांबत न्हाईत. मी काय करू? तुला हे माध्यम कळत न्हाई.'

बरं. मला कळत न्हाई. मंग तुला जे कळतं त्याचं काय झालं ते ऐक.

परवा दुपारी दुकानात फोन आला. बाईचा आवाज. "तुम्ही सखूबाईच्या लेक का?" मी हो म्हणलं. ती म्हणली, "मी प्रभावती. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला आमची वस्ती आहे. तुमच्या मायनं सांगितलं तसंच केलं हो मी. बराबर तसंच केलं."

तुझ्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'हा तर वडीगोद्रीच्या सखूबाईचा आवाज.' तिथून विचारत विचारत ती माझ्यापर्यंत आली.

तिच्या सात शेळ्या. ओल्या मक्यात शिरल्या, त्यातल्या पाच फुगल्या. नवरा बाजाराला गेल्ता. हिनं मोबाइल काढला, तुझा व्हिडिओ लावला, भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यात बघून एकेकीचं मुंडकं वर धरून बाटली रिकामी केली. दोन जागेवर ठसकून गेल्या. तीन खोकत राह्यल्या आणि तीन दिवसांत त्याही गेल्या.

मी म्हणलं, "प्रभावतीबाई, माय तर म्हणली होती, मुंडकं वर धरू नका."

ती म्हणली, "चित्रात तर वर होतं."

ती बाई अडाणी न्हाई. दहावी झाली आहे. तिला वाटलं, साडेचार लाख माणसं ज्याचं ऐकतात तो खोटं कशाला दाखवील. तिनं एकच गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यातून जात न्हाई. म्हणली, "घर सासऱ्याचं, रान नवऱ्याचं. शेळ्या तेवढ्या माझ्या होत्या, ताई. नावं ठेवली होती त्यांला."

भरपाईचं मी विचारलं. मला लाज वाटून राह्यली होती, म्हणून विचारलं. ती म्हणली, "मला पैसे नको. त्यानं ज्या लोकांना ते सांगितलं, त्याच लोकांना हे पण सांगावं. आमच्या बाजूच्या वाडीत कालच एकीनं बाटली भरली होती, मी पळत जाऊन हातातून घेतली. मी किती ठिकाणी पळू?"

बद्रीनाथ मामांना तू ओळखतोस. अंबडला जनावरांच्या दवाखान्यात होते, आता घरी असतात. त्यांना फोन लावला. ते म्हणले, पाचही शेळ्या तेलानंच गेल्या, फुगीनं न्हाई, तेल फुप्फुसात गेलं. "तुझ्या मायचं पुरं बोलणं ऐकलं असतं तर त्यातल्या तीन-चार तरी वाचल्या असत्या," म्हणले.

मायला मी हे सगळं सांगितलं. लपवणार होते, पण प्रभावतीचा दुसरा फोन आला तेव्हा माय शेजारीच होती. तिनं फोन हातात घेतला आणि कितीतरी वेळ नुसती "व्हय बाई, व्हय बाई" करत राह्यली. फोन ठेवल्यावर मेंढरांकडं गेली ती जेवायलाच आली न्हाई.

तू व्हिडिओ काढलास म्हणे एकोणीस तारखेला. गुपचूप काढलास. तोपर्यंत तो नऊ लाख लोकांनी बघितला होता आणि किती जणांनी पुढं धाडला त्याची गिनतीच न्हाई. आता तो ज्याच्या त्याच्या मोबाइलात आहे. तुझ्याकडून पुसला गेला, लोकांकडून न्हाई.

प्रभावती काय मागते ते कर. दुसरं काही नको.

शालू

*

वडीगोद्री
६ ऑक्टोबर

अंगद,

'खुलासा' नावाचा तुझा व्हिडिओ बघितला. एकदा मी, एकदा मायनं, मंग आख्ख्या वडीगोद्रीनं.

"ही माहिती अंबड तालुक्यातील वडीगोद्री येथील सखूबाई मल्हारी यांनी दिलेली होती. आमच्या चॅनलनं ती केवळ तुमच्यापर्यंत पोहोचवली."

पहिल्या व्हिडिओत ती 'एक जाणती धनगरीण' होती. नाव न्हाई, गाव न्हाई, आवाज तेवढा तिचा. वाहवा तुझी झाली. आणि शेळ्या मेल्यावर तुला तिचं नाव आठवलं, नवऱ्याचं नाव आठवलं, गाव-तालुका सगळा आठवला. फक्त ती तुझी माय आहे, एवढंच आठवलं न्हाई. 'यांनी' म्हणलास. तहसीलदारासारखा.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. पहिल्या पानावर. 'वृद्धेच्या अघोरी उपायानं शेळ्या दगावल्या.' कुणी फोन केला न्हाई, कुणी आलं न्हाई. तू ग्रुपातलं उचललंस, पेपरनं तुझं उचललं, आणि त्या पेपराचा फोटो फिरून परत आमच्याच ग्रुपात आला. एवढ्या मोठ्या फेऱ्यात एकानं तरी मायला विचारावं की, बाई, तू नेमकं काय बोलली होतीस? हायवेला लागून गाव आहे आपलं. रस्त्यावर उतरून दोन मिनिटं चालायचं फक्त.

लोकांनी खाली जे लिहिलं ते माय रोज मला वाचायला लावते. काल मी वाचत होते. 'माहिती चुकीची आहे.' 'असं करायला नको होतं.' तिनं मधेच हात धरला. "तू कापून वाचून राह्यली," म्हणली. "समदं वाच."

मंग सगळं वाचलं. भोंदू वाचलं, अडाणी वाचलं, जातीवरून लिहिलेलं वाचलं, हिला आत टाका, हे वाचलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणली, "मला त्या गुरुपातून काढ." चार वर्षांत तिनं दोनशेच्या वर रेकॉर्डिंगं केली असतील. सकाळी मेंढरं सोडायच्या आधी फोन तोंडाजवळ धरून बोलायची, आबा जिवंत असताना त्यांच्याशी बोलायची तशी. मी तिला काढलं. ग्रुपात खाली एक ओळ येते ना, 'सखूबाई यांना काढून टाकले.' ती ओळ माझ्या नावानं आली.

आता माझं ऐक. मायनं विचारलं होतं, "अंगदाला हे दिलं कुणी?" मी म्हणलं, ग्रुपातून कुणी धाडलं असंल. खोटं बोलले. मीच दिलं.

तू वर्षभर बोलत नव्हतास. का, ते तुलाही मालूम आहे. तू एका व्हिडिओत म्हणलास, 'मी मेंढरामागं फिरून मोठा झालेला पोरगा.' मी त्याखाली लिहिलं, 'अंगद, मेंढरामागं मी फिरले, तू वसतिगृहात होतास.' तू म्हणलास, चारचौघांत माझं नाक कापलंस. आणि गावाकडं यायचा बंद झालास. मंग या आषाढात एक दिवस तुझा फोन आला. "अक्का, मायचे आवाज आहेत ना तुझ्याकडं? मला ऐकावेसे वाटून राह्यले." मला इतकं बरं वाटलं की मी काही विचारलं न्हाई. सगळे आवाज धाडले. मायला न विचारता. ग्रुपातल्या कुणाला न विचारता.

आणि पहिल्या चिठ्ठीत तुला लिहिलं की गिऱ्हाइकानं दाखवला तेव्हा पहिल्यांदा बघितला. तेही खोटं. त्याच्या दोन दिवस आधी मी एकटीनं बघितला होता. चाळीस हजार लोकांनी मायचा आवाज ऐकला, हे बघून मला रडू आलं. आनंदानं. मी बदामाचं चिन्ह दाबलं. काय कापलंय ते माझ्या ध्यानातच आलं न्हाई, अंगद. ते पाठ असलेली मी, आणि मीही चाळीस सेकंदच ऐकले.

काल हे सगळं मायला सांगितलं. ती म्हणली, "मंग आता बोल ना त्या लोकांपुढं. माझ्यापुढं कशाला रडती?"

म्हणून सांगून ठेवते. तू जर खरं टाकणार नसशील तर मी टाकणार. पुरी नऊ मिनिटं. तुझ्या-माझ्या नावासकट.

शालू

*

वडीगोद्री
२४ ऑक्टोबर

अंगद,

काल भाऊबीज झाली. मायनं पाट मांडला होता. मी म्हणलं, तो येणार न्हाई. तिनं पाट तसाच राहू दिला.

फोनवर तू म्हणलास, "अक्का, तू मला संपवलंस." ते मी ऐकून घेतलं कारण तू रडत होतास. पण झालं ते तसं झालेलं न्हाई, आणि तू बराबर समजून घ्यावंस म्हणून लिहिते.

बारा तारखेला मी ग्रुपात बोलले. सगळं सांगितलं, रेकॉर्डिंग मी कुणाला विचारल्याशिवाय दिलं तेही. वाटलं, आता शिव्या पडणार. मंग परतूरकडचा सुग्रीव बोलला. तू त्याला ओळखत न्हाईस, मीही त्याला कधी बघितलेलं न्हाई, फक्त आवाज ओळखते. तो म्हणला, "शालूताई, चुकलं तुमचं. ते एकीकडं. पर सखूबाईनं सांगितलेलं खरं हाय. मी सुग्रीव, माझी दीडशे मेंढरं. गेल्या श्रावणात मी तिच्या सांगण्यावरून तेल दिलं. मुंडकं पाठीच्या रेषेत धरून दिलं. चौदा मेंढरं फुगली होती, तेरा उठली."

मेलेलं एक, तेही त्यानं सांगितलं. ते मला फार भिडलं.

त्याच्या मागोमाग दुसरा, तिसरा. संध्याकाळपातुर एकसष्ट जण बोलले. नाव, गाव, किती जनावरं, कसं दिलं, काय झालं. तिघांनी सांगितलं की गुण आला न्हाई. एकानं सांगितलं, मीही मुंडकं वर धरायचो, सखूबाईनं रागावून ती सवय सोडवली. बद्रीनाथ मामांनी सगळ्यांचं ऐकून स्वतःचं बोलणं जोडलं. डाव्या कुशीला टिचकी मारून कसं बघायचं, दोन तासांत उतरलं न्हाई तर थांबायचं न्हाई, डॉक्टरला बोलवायचं. मायची नऊ मिनिटं आणि त्याच्यामागं हे सगळे आवाज, असं करून आम्ही सोडलं. चित्र काहीच न्हाई. काळा पडदा आणि आवाज.

मला वाटलं होतं, कोण ऐकणार. तुझंच गणित माझ्या डोक्यात होतं.

पण लोकांनी ऐकलं. आपल्या लोकांनी तर ऐकलंच, त्याच्या पलीकडच्यांनीही ऐकलं. भोकरदनच्या एका मास्तरीणबाईनं तुझे चाळीस सेकंद आणि मायचं मूळ बोलणं एकाला एक लावून दाखवलं, कुठं कात्री लागली ते. ते मी केलेलं न्हाई. मी तिला ओळखतही न्हाई. तुझ्याच व्हिडिओखाली ज्यांनी मायला भोंदू म्हणलं होतं, त्यातले काही परत आले आणि लिहिलं, 'आम्ही चुकलो.' काहींनी आपलं जुनं लिहिलेलं नुसतं पुसलं आणि गेले. आणि काही आता तुला शिव्या देऊन राह्यले, तेवढ्याच घाण. त्या मी वाचल्या. मला त्यात काडीचा आनंद झाला न्हाई. कालपर्यंत मायला आत टाका म्हणणारेच आज तुला टाका म्हणतात. त्यांना फक्त कुणीतरी पाहिजे असतं.

पेपरवाल्यांनाही वाचकांनी सोडलं न्हाई. सतरा तारखेला ज्योत्स्ना नावाची एक बातमीदार घरी आली. उंबऱ्याजवळ चपला काढल्या आणि माय बसली होती तिथं तीही जमिनीवरच बसली. म्हणली, "आजी, ती बातमी माझ्या नावानं नव्हती, पण माझ्याच पेपरात होती. आधी तुमच्याकडं यायला पाहिजे होतं."

माय म्हणली, "आता तरी आलीस. च्या घे."

तिनं दोन तास ऐकून घेतलं. मंग खुलासा छापून आला. पान सातवर, चार ओळी, बी-बियाण्यांच्या जाहिरातीखाली. मी ज्योत्स्नाला फोन करून विचारलं, बाई, अघोरी म्हणायला पहिलं पान आणि खरं सांगायला सातवं? ती म्हणली, "ताई, मी भांडले. पण पान मी लावत न्हाई." तिच्यावर माझा राग न्हाई. पान लावणाऱ्यावर आहे.

आता तू. तुझे पन्नास हजार लोक सोडून गेले, म्हणून मी तुला संपवलं. अंगद, प्रभावतीच्या पाच शेळ्या गेल्या तेव्हा कुणाचं काय गेलं ते तू मोजत नव्हतास. तू तिला अजून फोन केलेला न्हाईस. तिचा नंबर या चिठ्ठीच्या मागं लिहून ठेवलाय.

मायनं सांगितलंय, पाट उचललेला न्हाई म्हणून कळव. मला लिहायचं नव्हतं. तिनं सांगितलं म्हणून लिहिलं.

शालू

*

वडीगोद्री
१७ नोव्हेंबर

अंगद,

तुझी चिठ्ठी मिळाली. तुझं अक्षर बघून किती वर्षं झाली. अजून र तसाच काढतोस.

तू लिहिलंस की प्रभावतीला फोन केलास आणि तिनं तुला पहिल्यांदा हेच विचारलं की, 'तुम्ही कधी शेळीला तेल पाजलंय का?' आणि तू न्हाई म्हणलास. ते तिनं मलाही सांगितलं. म्हणली, "खोटं न्हाई बोलला, तेवढं बरं वाटलं." मंग तू तिच्या वस्तीवर गेलास, तिच्या गोठ्यासमोर उभा राह्यलास आणि बोललास. तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी बघितला. अकरा मिनिटं. "ही माझी आई आहे. तिचं बोलणं मी कापलं. चित्र मी चुकीचं लावलं. खुलाशात मी तिच्यावर ढकललं. मी मेंढरामागं कधी फिरलो नाही, माझी बहीण फिरली." मधे अडखळलास तेही राहू दिलंस. माय एकदाही मधे उठली न्हाई.

आता खरं सांगते. माझा राग गेलेला न्हाई. तो व्हिडिओ आजपर्यंत अकरा हजार लोकांनी बघितला. चुकीचं नऊ लाखांनी ऐकलं आणि बराबर अकरा हजारांनी. उरलेल्यांना मी कुठं शोधू? तू म्हणतोस, कंपनी असले व्हिडिओ लोकांपुढं आणतच न्हाई, माझ्या हातात न्हाई. मला ते पटतं. पण पहिला चालला तेव्हा तू कंपनीचं नाव घेतलं न्हाईस, तेव्हा ती तुझी मेहनत होती.

लोकच शोधून राह्यले. सुग्रीव आणि त्याच्याकडचे तिघे दर बाजारी जनावरांच्या बाजूला फोन आणि एक छोटा भोंगा घेऊन बसतात, मायचा आवाज लावतात. प्रभावतीनं रेणुकाईच्या देवळापुढं बायांना गोळा करून आपल्या उरलेल्या दोन शेळ्यांपैकी एकीला पाणी पाजून दाखवलं, मुंडकं पाठीच्या रेषेत धरून. फोटो धाडलाय. तीस-चाळीस बाया दिसतात. हे सगळं मोजायला तुझ्याकडं काही यंत्र न्हाई.

तू विचारलंस, येऊ का. ये. कॅमेरा घरी ठेवून ये, असं मी म्हणत न्हाई. आण. पण ग्रुपातलं काही हवं असंल तर ज्याचा आवाज आहे त्याला फोन कर, विचार आणि पुरं ठेव. हा कायदा आता आम्ही सगळ्यांनी मिळून केलाय, आणि पहिला तो मला लागू आहे. आणि ये ते चार दिवसांसाठी ये. मायचे गुडघे दुखतात, मेंढरं सोडायला कुणीतरी पाहिजे.

आता मायचं.

काल सकाळी ती म्हणली, "माझं ते नऊ मिनिटांचं लाव." तिनं स्वतःचं बोलणं आजपातुर पुरं कधी ऐकलंच नव्हतं. ती फक्त बोलायची. मी लावलं. डोळे मिटून ऐकत राह्यली. संपल्यावर म्हणली, "आणि एकदा." दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणली, "मला गुरुपात घे."

मी घेतलं. तिनं फोन तोंडाजवळ धरला. ती काय बोलली ते जसंच्या तसं लिहिते.

"म्या सखूबाई. माझंबी एक चुकलं हाय. म्या मेंढराचं सांगितलं. शेळीचं सांगितलंच न्हाई. मला वाटलं, आपल्या लोकांला मेंढरंच असत्यात. शेळी लई झटती, मुंडकं हिसकती, तिला एकट्यानं पाजू न्हका. एकानं धरा, एकानं पाजा. प्रभावतीबाई एकटी होती. हे म्या बोलले असते तर तिनं शेजारणीला हाक मारली असती. अंगदानं कापलं ते त्याच्याकडं. पर हे म्या बोललेच न्हाई, ते माझ्याकडं."

मी म्हणलं, "माय, तुझी काय चूक त्यात? लोक पुन्हा तुलाच बोलतील."

"बोलू दे. चुकलं त्ये चुकलं."

तिनं बटण सोडलं. रेकॉर्डिंग गेलं. फोन हातातच धरून तिनं मला विचारलं, "हेबी कापता येतं का गं कुणाला?"

मी म्हणलं, "येतं."

"मंग आणि एकदा सांगते," म्हणली, आणि बटण दाबून पहिल्यापासून बोलायला लागली.

शालूअक्का